उरलेल्या सहा बाटल्या

माझ्या सासूबाईंच्या टाचांच्या भेगांत पेनिसिलीन भरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दारासमोर पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी खोबरेल तेलाची वाटी होती आणि औषधाच्या बाटलीतली पांढरी पूड चिमटीनं काढून त्या एकेका भेगेत दाबत होत्या. ती पूड माझ्या नणंदेच्या अंगात जायची होती. ती टाचेत गेली. या गोष्टीला पासष्टच्या वर वर्षं होऊन गेली. सासूबाई गेल्या, त्यांच्या टाचाही गेल्या, माझा राग मात्र गेला नाही. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. मी काही निवळले नाही.

आता लिहायला बसले त्याला कारण माझी भाची. परवा रावेतला तिच्या नव्या घरी गेले होते. घर छान आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर दारात अर्धवट संपलेल्या औषधाच्या चार बाटल्या. मग तिनं बिस्किटांचा डबा म्हणून जो डबा माझ्यापुढे केला तो चुकीचा निघाला, त्यात गोळ्यांची अर्धी अर्धी पाकिटं भरलेली. मी विचारलं, हे काय? तर म्हणते, "अगं मावशी, अँटिबायोटिकनं दोन दिवसांत बरं वाटतं, मग कशाला उगाच पोटात ढकलायच्या? ठेवते. पुढच्या वेळी कामाला येतात. शेजारचे काकासुद्धा मागून नेतात." आणि फार जुन्या झाल्या की? "बेसिनमध्ये टाकते आणि नळ सोडते." शिकलेली बाई, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझं डोकं असं सणकलं की चहा तसाच ठेवून मी उठले. ती बिचारी मागे येत म्हणाली, "अगं, एवढं काय झालं?" एवढं काय झालं ते सांगते.

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासरचे लोक मूळचे नगरकडचे. इकडे कारखाने निघू लागले म्हणून यांनी फिटरची नोकरी धरली आणि आई आणि धाकटी बहीण यांना घेऊन आले. रेल्वेलाइनच्या पलीकडे बारा खोल्यांची पत्र्याची चाळ होती, त्यातली कोपऱ्यातली खोली आमची. आजूबाजूला ज्वारीची रानं, बाभळी, आणि मधूनच एखाद्या कारखान्याची नवीकोरी भिंत. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तेच घड्याळ मानून बायका डाळ शिजायला टाकत.

पिंपरीला तेव्हा पेनिसिलीन बनू लागलं होतं आणि त्याचा आम्हा सगळ्यांना कोण अभिमान! बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आधी चिंचवडचा गणपती दाखवायचा आणि मग लांबूनच त्या कारखान्याची इमारत. "हितं बनतं बरं का पेनिशिलीन," असं सांगताना माणसाची छाती इंचभर पुढे यायची, मग तो भाजी विकणारा का असेना. अभिमान चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातून एक भलतंच खूळ डोक्यात शिरलं. आपल्या रानातल्या मेथीला कुणी भीत नाही, तसं आपल्या गावात तयार होणाऱ्या औषधाला काय भ्यायचं? ते घरचंच. परक्या मुलखातून आलेलं औषध असतं तर लोकांनी देव्हाऱ्यात ठेवून मोजूनमापून घेतलं असतं. हे मात्र कुणाचंही डोकं दुखलं, मूल किरकिरलं, शेळी लंगडली, की "एक पेनिशिलीन ठोका." चाळीतले एक गृहस्थ त्याच कारखान्यात कामाला होते. ते सांगायचे, आत जाताना आम्हाला हातपाय धुऊन कपडे बदलावे लागतात, हा खेळ नाही, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय हात लावू नका. जो माणूस ते रोज डोळ्यांनी बघत होता त्याचं चाळीत कुणी ऐकत नसे. सगळे त्याला भित्रा म्हणत.

रिकाम्या बाटल्यांचं तर विचारूच नका. बोटभर उंचीच्या, जाड काचेच्या, रबरी बुचाच्या बाटल्या. बायकांचा त्यांच्यावर जीव. कुणी त्यात कुंकू ठेवी, कुणी अत्तर, कुणी बाळाच्या गुटीचा मध. धुवायच्या म्हणजे काय, रांजणातल्या पाण्यात एकदा बुचकळायच्या. एका संक्रांतीला आमच्या सासूबाईंनी हळदीकुंकवाला अशा बाटल्यांत गुलाबपाणी भरून वाण म्हणून लुटल्या आणि आठवडाभर त्यांच्या हौसेचं कौतुक चाललं. तळाला पांढरी साय धरलेली असायची, ती कुणी बघत नसे. पोरं भातुकलीत त्याच बाटल्यांतून पाणी पीत. फुटलेल्या बाटल्या, पूड विरघळवायच्या पाण्याच्या काचकुप्या, बोथट झालेल्या सुया, सगळं चाळीमागच्या उकिरड्यावर. तिथे कोंबड्या उकरायच्या आणि आम्ही त्यांची अंडी खायचो.

आता माझ्या नणंदेचं सांगते. मी आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी तिला "वन्सं" म्हणायचे, कारण नणंद कितीही लहान असली तरी नावानं हाक मारायची नाही अशी सासूबाईंची ताकीद. ती मला "वयनी" म्हणायची आणि दिवसभर माझ्या मागे मागे असायची. हाडं सगळी दिसत, पण ताकद अशी की पाण्याच्या दोन कळशा घेऊन पळत यायची. तिला चाळीत सगळे ओळखत ते सायकलीमुळे. चाळीत सुया टोचायला एक कंपाउंडर यायचा, त्याची सायकल भिंतीला टेकली की ही ती लांबवायची. सीटवर पाय पुरत नव्हते, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत पवनेच्या घाटापर्यंत जाऊन परत यायची. परकर दातांत धरलेला. पोरीच्या जातीला हे शोभतं का, म्हणून सासूबाई ओरडायच्या आणि ती त्यांच्यासमोरून घंटी वाजवत जायची. मला खूप हसू यायचं, मी ते पदरात लपवायचे.

पाऊस संपता संपता तिचा घसा धरला. दोन दिवस थुंकीसुद्धा गिळता येईना, अंग भाजून निघत होतं. यांनी तिला सायकलीच्या दांड्यावर बसवून डॉक्टरांकडे नेलं, मी मागून चालत गेले. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून पाहिलं, मला बोलावून दाखवलं. घशात दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. त्यांनी दहा बाटल्या दिल्या. रोज एक, दहा दिवस. आणि यांना सोडून ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुम्हाला वाचता येतं ना? मग तुम्हाला सांगतो. तीन-चार दिवसांत ताप जाईल, घसा मोकळा होईल, पोरगी खेळायला लागेल. तरी दहा पूर्ण करायची. अर्ध्यात सोडायचं नाही." मी सातवी पास होते. सासरी ते कुणी विचारलं नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं. मला इतकं बरं वाटलं की येताना रस्ताभर मी "दहा, दहा" असं मनात म्हणत आले. बाटल्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवल्या, थंड राहाव्यात म्हणून.

सुई टोचायला तो कंपाउंडर घरी यायचा. तो खरा कंपाउंडर होता की नाही देव जाणे. कुठल्याशा दवाखान्यात फडकी धुता धुता शिकला होता म्हणे. आमच्याच चहाच्या पातेल्यात काचेची पिचकारी उकळायचा, ते पाणी दाराबाहेर फेकायचा आणि त्याच पातेल्यात त्याच्यासाठी चहा टाकावा लागायचा. चार दिवस तो आला. चौथ्या दिवशी नणंदेचा ताप पार उतरला होता, सकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि तो आत असताना त्याची सायकल जागेवर नव्हती. तो हसला आणि सासूबाईंना म्हणाला, "पोरगी तर घोड्यावानी हिंडतीय. आता कशाला उगं भोसकायची? ऱ्हाऊ द्या ती बाकीची. घरात अडीअडचणीला असल्याली बरी. एक मी घेऊन जातो, वाटंत एका म्हातारीला लागतंय."

एक अशी गेली. मी चुलीपाशी होते. ऐकत होते.

उरलेल्या पाच बाटल्यांची बातमी संध्याकाळपर्यंत बाराही खोल्यांत पोहोचली. आमच्या चाळीची एक रीत होती. शेजारणीनं विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही. विस्तव मागितला तर नाही म्हणायचं नाही. घरात उरलेलं मागितलं आणि नाही म्हटलं, तर ती बाई जन्मभराची कद्रू ठरली. रीत वाईट नव्हती, परमुलखात आम्ही सगळी एकमेकांच्या जिवावरच राहत होतो. पण विरजण कुठलं आणि इंजेक्शन कुठलं, हा फरक करण्याइतकी अक्कल कुणाच्या डोक्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची मावशी दारात उभी. ही मूळची चाकणजवळच्या निघोज्याची, स्वभावानं गोड, माझ्या लग्नानंतर पहिला कांद्याचा वाटा हिनंच मला आणून दिला होता. हातात वाटी. इंजेक्शन न्यायला बाई वाटी घेऊन आली होती!

"व्हय गं सूनबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडं पेनिशिलीन उरलंय म्हनं. आमच्या मालकांच्या पाठीला करट झालंय. बसता येत न्हाई का निजता येत न्हाई. दे की दोन-तीन."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दे की गं. पडून पडून शिळंच व्हायचं."

"आत्याबाई," मी हळूच म्हणाले, "डॉक्टरांनी दहा सांगितलीत."

"डॉक्टरला काय, त्यानं शंभर सांगितली असती. पोरीकडं बघ की जरा."

पोरगी खरंच बाहेर लगोरी खेळत होती. तिला तर सुई चुकली याचाच आनंद. मावशी माझ्याकडे बघत होती, हसतच, तिच्या मनात काही वावगं नव्हतं. मी माठ उचलला, वाळू उकरली आणि तीन बाटल्या काढून तिच्या वाटीत ठेवल्या. पदरानं पुसून ठेवल्या. माझ्या हातानं. हे कुणी माझ्याकडून जबरदस्तीनं करून घेतलं असं म्हणायला मला जागा नाही, आणि रागाचा मोठा वाटा म्हणूनच माझ्या स्वतःच्या नावावर आहे. त्या तीन बाटल्यांनी करट काही बरं झालं नाही. ते पुढे डॉक्टरांनी चिरून बरं केलं, ही आणखी एक मजा.

दोन राहिल्या. त्या सासूबाईंनी कुणालाही दिल्या नाहीत. जखमेवर पेनिसिलीनची पूड टाकली की ती भरते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि त्यांच्या टाचांना बाराही महिने भेगा. उरलेल्या दोन बाटल्यांची बुचं त्यांनी विळीच्या टोकानं उचकटली. मी भांडी घासत होते, राखेचा हात तसाच धरून बघत राहिले. मग रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांनी माझ्याकडे दिल्या, म्हणाल्या, "ठेव, कुंकवाला होतील." मी ठेवल्या.

पंधरा-वीस दिवस सगळं ठीक. मग एका सकाळी नणंद उठली ती गुडघा धरून. गुडघा सुजून लाल झालेला. सासूबाई म्हणाल्या, सायकल चालव अजून. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा सुजला. घोटा उतरला आणि मनगट. दुखणं अंगात घर बदलत फिरत होतं आणि बारीक ताप जाता जात नव्हता. चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकेक निदान. कुणी म्हणालं वाढीचं अंग आहे, कुणी म्हणालं वारं भरलंय, कुणी नजर काढली. मावशीनं निघोज्याहून निरगुडीचा पाला आणून शेकलं, रोज येऊन शेकायची, तेही खरं. तो कंपाउंडर आला आणि म्हणाला, एखादं पेनिशिलीन असलं तर टोचू या. मी त्याच्यासमोर चहाचं पातेलं असं आपटलं की त्याची कड वाकली. तेवढाच माझा पराक्रम.

शेवटी दम लागू लागला तेव्हा तिला पुण्याला नेली. मोठा दवाखाना, मोठे डॉक्टर. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, "मध्यंतरी घसा दुखला होता का?" हे म्हणाले, हो. "औषध काय दिलं? किती दिवस?"

"दहा दिली की," सासूबाई म्हणाल्या. अगदी चटकन म्हणाल्या.

मी खाली बघत होते. मग काय झालं माहीत नाही, माझ्या तोंडून निघालं, "चार दिली."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "आणि सहा?"

"वाटली," मी म्हणाले.

"वाटली? साखर होती का ती?"

मग त्यांनी आम्हाला मराठीत, अगदी शाळेत सांगावं तसं सांगितलं. घशातला रोग चार दिवसांत दबतो, मरत नाही. वरवर बरं वाटतं. दबलेला रोग मागे राहिला की पुढे सांधे धरतो आणि सांध्यांवरून काळजावर जातो. सांधे सोडून देतो, काळीज सोडत नाही. हिच्या काळजाच्या एका झडपेला इजा झाली आहे. आता दर महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचं, एकही चुकवायचं नाही, पुन्हा घसा धरला तर झडप आणखी बिघडेल. पळायचं नाही, पाणी भरायचं नाही, जिना चढायचा नाही. नणंदेनं विचारलं, "सायकल?" डॉक्टर तिच्याकडे बघून नुसतेच हसले. परत येताना गाडीत सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. परक्या माणसासमोर घरची अब्रू काढली म्हणून. पोरीच्या काळजाचं काय झालं त्याचं दुःख त्यांना होतंच, ते मी नाकारत नाही, पण त्या दिवशी तरी अब्रूचं जास्त होतं.

त्यानंतर ते महिन्याचं इंजेक्शन हेच माझं व्रत झालं. हे पुण्याहून एकदम तीन महिन्यांचं आणायचे. दुधासारखं घट्ट औषध, जाड सुई, पोरगी ओठ दाबून घ्यायची आणि मग दिवसभर एका कुशीवर पडून राहायची. तो कंपाउंडर बंद केला. दर महिन्याला टांगा करून डॉक्टरांच्याच दवाखान्यात न्यायचे. रिकामी बाटली मी मागून घरी आणून फोडायचे, आणि आधी ठेवलेल्या, कुंकवाच्या, गुलाबपाण्याच्या, घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या काढून मी वरवंट्यानं फोडल्या, पोत्याच्या तुकड्यात बांधल्या आणि बाभळीखाली हातभर खड्डा खणून पुरल्या. सुयाही तशाच. बायका दारात उभ्या राहून हसायच्या. "बघा, कोपऱ्यावरच्या सूनबाई बाटल्यांचं मयत करतात." चांगल्या बाटल्या फोडते म्हणून मला मस्तवाल म्हणायच्या. म्हणू द्या. उकिरड्यावरच्या बाटल्याही मी गोळा करायचे आणि पोरांच्या भातुकलीतून ओढून घ्यायचे. पोरं रडत, आया भांडायला येत. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगायचे. त्या ऐकायच्या, मान हलवायच्या, आणि पुढच्या आठवड्यात ताप उतरला की एकीच्या घरचं उरलेलं दुसरीच्या घरी. मी काय करणार होते? माझ्या घरात घडलं ते डोळ्यांसमोर असूनही ज्यांना कळेना, त्यांना मी कोण कळवणार?

नणंदेनं तीन वर्षं तशी काढली. शाळा घरापासून लांब, चालवेना, म्हणून सुटली. मी तिला घरी शिकवायचे. गणितात ती माझ्या पुढे गेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं, ट्रेनिंगला जायचं होतं, आणि ती मला विचारायची की ट्रेनिंगच्या शाळेला जिना असतो का. सायकलीबद्दल पुन्हा बोलली नाही. ती गेली तेव्हा तिला सोळावं लागायचं होतं. झडप आधीच इतकी बिघडली होती की महिन्याच्या इंजेक्शनांनी ती पुढे बिघडली नाही एवढंच, सुधारली नाही. आणि माणसं भेटायला येऊन म्हणाली, देवाची मर्जी. माझ्या अंगाची तेव्हा लाही झाली होती, आता लिहितानाही होते आहे. देवाची कसली मर्जी? देवानं औषध कोसभरावर आणून ठेवलं होतं! साऱ्या देशाला जे मिळायची मारामार, ते आमच्या माठाखाली वाळूत होतं. ते आम्ही करटाला दिलं, म्हातारीला दिलं, टाचेत भरलं. त्यात देव कुठे आला?

ती जायच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. हे त्याच दिवशी पुण्याहून तीन महिन्यांची इंजेक्शनं घेऊन आले होते आणि डबी फळीवर होती. दुपारी शेजारची मावशी आली. तिच्या निघोज्याच्या भाच्याच्या पायात खिळा गेला होता, पाय सुजला होता. "तुमच्याकडं तीन आल्यात म्हनं," ती म्हणाली. "तिला तर म्हैन्याला एकच लागतंय. एक दे, फुडच्या म्हैन्याला आणून ठिवीन."

मी दारात उभी राहिले. चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिले. "देणार नाही," मी म्हणाले. "त्याला आजच्या आज डॉक्टरकडे न्या, टांग्याचं भाडं हवं तर मी देते. पण हे औषध त्याचं नाही आणि तुमचंही नाही. एक नाही, अर्धं नाही, बाटलीसुद्धा मिळायची नाही."

माझा आवाज बाराही खोल्यांत गेला असणार, कारण भांड्यांचे आवाज थांबले. मावशीचा चेहरा पडला. "एवढं काय गं चिडायचं," ती म्हणाली. "आमी काय परकं हाय का?" आणि डोळ्याला पदर लावून गेली. ती पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही, आणि चाळीत माझं नाव व्हायचं ते झालं. भाच्याला मात्र त्यांनी चाकणला डॉक्टरकडे नेला आणि त्याचा पाय बरा झाला. त्या दुपारी सासूबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. मी दार ओढून घेतलं आणि वळले. खरं सांगते, मला माझाच अभिमान वाटत होता. वाटत होतं, जमलं एकदाचं.

नणंद खाटेवर तीन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वयनी," ती म्हणाली, "तुला नाही म्हणता येतं की."

"येतं तर," मी म्हणाले.

"मग माझ्या वेळी 'नाही' का म्हणाली नाहीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गणितात अडलं की विचारायची तसं तिनं विचारलं. मला सांगता आलं असतं की मी नवी होते, आत्याबाई घरात मोठ्या, चाळीची रीत तशी, तो कंपाउंडर तसा. ते सगळं खरंच होतं. पण तिच्यासमोर खोटं बोलवेना, आणि यातलं एकही कारण पुरं खरं नव्हतं.

"लाज वाटली," मी म्हणाले. "शेजारीण दारात उभी होती, नाही म्हणायची लाज वाटली."

"एवढंच?" तिनं विचारलं.